गाळलेले दिवस

सावे मॅडमसमोर कुणी ‘मेंदूसारखा संगणक’ म्हणालं, की त्या चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, “कुणाच्या?”

समोरचा गडबडायचा. “म्हणजे... माणसाच्या.”

“कुठल्या माणसाच्या? आमच्या संचालकांच्या मेंदूसारखा करायचा असेल, तर एवढी यंत्रसामग्री कशाला? एक रबरी शिक्का पुरेल.”

संचालक शेजारच्या खुर्चीत बसलेले असतानाही मॅडम हे वाक्य म्हणत. संचालक, म्हणजे डॉ. कारखानीस, मोठ्याने हसत. आपल्यावरच्या विनोदाला हसणारा माणूस उदार दिसतो, हे त्यांना कुणीतरी लवकर शिकवलं असावं. मॅडम हसत नसत. त्यांनी विनोद केलेलाच नसे.

डॉ. मंदाकिनी सावे घिवलीच्या. घरची चिकूची आणि नारळाची वाडी, समुद्राच्या इतकी जवळ की भरतीच्या दिवसांत विहिरीचं पाणी मचूळ लागायचं. पदार्थविज्ञान शिकायला घराबाहेर पडल्या, वीसेक वर्षं दक्षिणेतल्या प्रयोगशाळांमध्ये काढली, आणि बोईसरजवळ विद्यापीठाचं छोटं संशोधन केंद्र निघालं तेव्हा परत आल्या. का आलात, असं विचारलं तर म्हणत, “तिथले लोकही असेच होते. इथे निदान मासे ताजे मिळतात.” लग्न केलं नव्हतं. वाडीत थोरले भाऊ जनादादा आणि त्यांचं कुटुंब. मॅडम रोज तिथून स्कूटरवर यायच्या, हेल्मेटखाली डोक्याला रुमाल बांधून.

मी सालवडची. वडील खानदेशातून रंगाच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. एम.एस्सी. झाल्यावर मी पीएच.डी.साठी अर्ज केला, त्यात लिहिलं होतं, ‘मला लहानपणापासून मानवी मेंदूविषयी कुतूहल आहे.’ मुलाखतीत मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“लहानपणापासून? लहानपणी तुला चिंचांचं कुतूहल असेल. खरं सांग, इथे का आलीस?”

मी म्हणाले, “घराजवळ आहे म्हणून.”

“आणि?”

“पुढे नोकरी लागेल म्हणून.”

“हं. आज सकाळपासून आलेल्यांतलं हे पहिलं खरं वाक्य. सोमवारपासून ये.”

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. साध्या संगणकात आठवण एका जागी असते आणि हिशेब दुसऱ्या जागी होतो. प्रत्येक आकडा इथून उचलायचा, तिकडे न्यायचा, काम झालं की परत आणून ठेवायचा. वीज जळते ती बहुतेक या हेलपाट्यांत. मॅडम नव्या विद्यार्थ्यांना सांगत, “समज, मासा उतरला घिवलीला. निवडायला पालघरला नेला. खारवायला परत घिवलीला आणला. वाळवायला पुन्हा पालघर. त्या माशाचं निम्मं आयुष्य टेम्पोत गेलं. आमच्या बायका काय करतात? जिथं उतरला तिथंच निवडतात, तिथंच वाळवतात. आपल्याला तेवढंच करायचंय. जिथं आठवण तिथंच काम.” डोक्यातल्या पेशी असंच काहीसं करतात, म्हणून जगभर या कामाला मेंदूचं नाव चिकटलं. आम्ही काचेवर धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवायचो, वर-खाली बारीक तारा. विजेचा धक्का दिला की त्या थराचा विजेला होणारा विरोध बदलायचा आणि वीज काढून घेतली तरी बदललेलाच राहायचा. म्हणजे त्याला धक्का आठवायचा, आणि त्याच ठिकाणी त्या आठवणीवरून हिशेबही व्हायचा. तारा एकमेकींना छेदतील अशी चौसष्ट ठिकाणं आम्ही एका काचेवर बसवली होती.

मॅडमकडे दोनच शेरे होते. कुणाचाही पेपर वाचून झाला की त्या घरच्या बोलीत म्हणत, “ह्यात काय नाय.” आणि फारच आवडलं तर, “बगू.” मराठीत व्याख्यान द्यायला उभ्या राहिल्या तर भाषा अशी शुद्ध की मागच्या बाकावरचेही सरळ बसत, पण तुच्छता दाखवायची वेळ आली की घिवली यायची. एका बड्या संस्थेतल्या प्राध्यापकांनी इथे येऊन दीड तास रंगीत आकृत्या दाखवल्या. प्रश्न विचारा म्हणाले. मॅडम उठल्या. “तुमी हे सगळं किती वेळा मोजलंत?” ते म्हणाले, “एकदा, पण अतिशय काळजीपूर्वक.” मॅडम खाली बसल्या आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, “येकदा तर आंदल्यालाबी लागतो नेम.”

मला वाटायचं, या बाईंनी हे सगळं जगाला ऐकवावं आणि मला वगळावं. तीन वर्षं तसंच झालं. माझा नमुना चालायला लागला होता. चौसष्ट ठिकाणांची ती काच शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे ओळखायची. समोरच्या पाटीवर बटणं दाबून सात काढला की सातचा दिवा लागायचा. मॅडमनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बराच वेळ बटणं दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, “बगू.” मी घरी जाऊन आईला सांगितलं. तिला कळलं नाही, पण तिने शिरा केला.

पेपर लिहिला, जर्नलने स्वीकारला, छापून आला. त्यावर मला परदेशातल्या एका विद्यापीठात जागा मिळाल्याचं पत्र आलं. आणि संचालकांना कंठ फुटला. ‘पालघरचा मेंदू!’ असे फलक छापून आले. फलकावर एक भला मोठा निळा मेंदू, त्यातून विजा निघताहेत, आणि खाली एका कोपऱ्यात हात जोडलेले संचालक. मॅडम फलकासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “दोघांतला पालघरचा कुठला?”

कार्यक्रम कोळगावला, जिल्हा मुख्यालयाच्या संकुलातल्या सभागृहात ठरला. मोठे पाहुणे येणार होते, ते स्वतः बटणं दाबून आकडा काढणार होते. आदल्या दिवशी दुपारी आम्ही काच घेऊन तिथे गेलो. पाहुण्यांसाठी सभागृहातले एसी सकाळपासून लावून ठेवले होते, अंगावर शाल घ्यावी इतका गारठा. पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळं नीट चाललं. मग सात काढला तर एकचा दिवा लागला. आठ काढला, शून्य. तासाभराने काहीही काढलं तरी शून्यच.

संचालक घामाघूम झाले, त्या गारठ्यात. मग त्यांना युक्ती सुचली. “लॅपटॉपवर त्याची प्रतिकृती आहे ना? प्रोग्राममधली? ती जोडा. दिवा लागल्याशी मतलब. पाहुण्यांना काचेतलं काय कळतंय?”

मी खोटं सांगणार नाही. मॅडम बाहेर गेल्या होत्या, आणि मी वायर जोडली. पाटीखालून नेली, वर टेबलक्लॉथ ओढला. परदेशातली जागा माझ्या डोळ्यांसमोर होती.

मॅडम परत आल्या, त्यांनी बटणं दाबली. दिवे बरोबर लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाकून टेबलक्लॉथ वर केला, वायर उपसून काढली आणि तिची नीट गुंडाळी करून पर्समध्ये टाकली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायची इतकी सवय झाली होती, की ती शांतता मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, “हे यंत्र परवापर्यंत चालत होतं. कालपासून चालत नाही. का, ते आम्हाला कळलेलं नाही. कळलं की कळवू.” आणि बसल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना बहुधा ते आभारप्रदर्शन वाटलं. संचालकांनी घाईघाईने निळ्या मेंदूपुढे समई लावून घेतली.

सोमवारी मॅडमनी मला बोलावलं. माझी वही त्यांच्यासमोर उघडी होती आणि शेजारी मोजमापाच्या यंत्राचा संगणक चालू होता. ते यंत्र प्रत्येक मोजमाप आपोआप तारखेनिशी साठवून ठेवायचं. मला ते माहीत होतं. कुणी बघेल असं वाटलं नव्हतं.

“यंत्रात डिसेंबर-जानेवारीतले नऊ दिवस आहेत, ते वहीत नाहीत. कुठे गेले?”

“त्या दिवशीचे नमुने खराब होते, मॅडम.”

“खराब कशावरून?”

“चालत नव्हते.”

“म्हणजे चालला तो चांगला, आणि नाही चालला तो खराब.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग आपलं संशोधन कधी चुकायचंच नाही. वा! अशा संशोधनाला समईच लागते, मीटर कशाला?”

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, तेवढ्यात त्या नऊ तारखा कागदावर उतरवल्या. मग विचारलं, “त्या दिवसांत काय होतं? आठव.”

मला आठवलं. ओठ फुटले होते. आपल्याकडे हिवाळ्यात मधूनच चार-दोन दिवस उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, कपडे दोन तासांत वाळतात. ते दिवस. एरवी आमच्या खिडक्यांतून वर्षभर खारी, दमट हवा आत यायची. प्रयोगशाळेतला एसी बिघडलेला होता आणि दुरुस्तीचा अर्ज संचालकांच्या टेबलावर पडून होता. कोळगावच्या सभागृहातली हवा मात्र एसीने त्या दिवसांसारखीच कोरडी केली होती.

दुपारी आम्ही रसायन विभागातून ओलावा शोषणारी काचेची बरणी आणली आणि नमुना आत ठेवला. दोन तासांनी त्याला काही म्हणता काही आठवेना. मॅडमनी झाकण उघडलं आणि वाकून त्यावर तोंडाची वाफ सोडली, आरशावर सोडतात तशी. मीटरचा आकडा हलला. पुन्हा वाफ सोडली. पुन्हा हलला. आम्ही तीन वर्षं ऑक्साइडची आठवण म्हणून जे मोजत होतो, ते त्या थरात शिरलेलं हवेतलं पाणी होतं. वीज लागली की तेच आत सरकायचं आणि सरकलेलं राहायचं.

“मेंदू कसला,” मॅडम म्हणाल्या. “पापड हाय तो. हवा लागली की मऊ पडतो.”

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. हसणं संपल्यावर त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. हे काम त्यांचं शेवटचं होतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्या पेपर मागे घ्यायचं पत्र लिहायला बसल्या. मी विनवण्या केल्या. म्हटलं, नुसती दुरुस्ती छापू, ओलाव्याचा उल्लेख करू. पेपर मागे घेतला तर माझी जागा जाईल.

“जाईल,” त्या म्हणाल्या. “ती जागा तुला ज्याच्यावर मिळाली, ते झालेलंच नाही.”

छापण्याआधी पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. मी माझं नाव शोधत होते. पत्रात लिहिलं होतं: ‘कोरड्या हवेतील मोजमापे पेपरमध्ये समाविष्ट झाली नाहीत. त्यामुळे निष्कर्ष चुकीचा आहे. मोजमापांची जबाबदारी माझी होती.’ खाली त्यांची एकटीची सही.

“मॅडम, पण ते दिवस तर मी...”

“तुझ्या वहीच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. बघ. मी न वाचता केली. लोकांना रबरी शिक्का म्हणत हिंडले, आणि इथे काय करत होते? ते माझं मी लिहिलंय. तुझं तू बघ.”

खरं सांगते, मला हायसं वाटलं. ‘तुझं तू बघ’ हे मी ऐकलंच नाही. माझं नाव सुटलं, एवढंच डोक्यात होतं.

परदेशातली जागा गेली. महिनाभर मी मॅडमशी कामापुरतं बोलत होते, जणू अन्याय माझ्यावर झाला होता. संचालकांनी त्यांच्याकडून विभाग काढून घेतला, फलक अडगळीत गेले आणि ‘सावेबाईंची चूक’ हा शब्दप्रयोग केंद्रात रुळला. शिपायापासून सगळे वापरायचे. मॅडम निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. त्यांनी नको म्हटलं होतं आणि कुणी आग्रह केला नाही. जाण्याआधी त्यांनी माझा विषय बदलून दिला: पातळ थरातल्या ओलाव्याचा आठवणीवर होणारा परिणाम. दोन वर्षं जास्त लागली, पण पीएच.डी. झाली. प्रत्येक प्रकरण त्यांनी घरून तपासलं, आणि आता प्रत्येक आकडा मूळ फाइलशी ताडून पाहायच्या. मग त्याच केंद्रात मला नोकरी लागली, दोन वर्षांच्या परिविक्षेवर.

कुणी ‘सावेबाईंची चूक’ म्हणालं की मी खिडकीबाहेर बघायची.

अधूनमधून घिवलीला जायची. जनादादा खळ्यात चिकू निवडत बसलेले असायचे, मोठे वेगळे, बारके वेगळे. मॅडम झोपाळ्यावर कुणाचा तरी पेपर वाचत, समासात पेन्सिलीने ‘ह्यात काय नाय’ लिहीत. एकदा मी नेहमीसारखी फळं घेऊन गेले, चिकूच्या वाडीत सफरचंदं! इकडचं तिकडचं बोलत राहिले. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

“तू येतेस ती चहासाठी की माफीसाठी?”

मी पिशवीतली सफरचंदं बाहेर काढायला लागले.

“चहा मिळेल,” त्या म्हणाल्या, आणि आत हाक मारली.

पुढच्या वर्षी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. दीड महिन्यात गेल्या. दवाखान्यात मी दोनदा भेटले. शेवटच्या भेटीत त्या एका तरुण डॉक्टरला विचारत होत्या, “हे औषध लागू पडतं म्हणतोस, ज्यांना नाही पडलं त्यांचं काय केलंत? मोजलंत की गाळलंत?” डॉक्टरला वाटलं भ्रम होतोय. मला ठाऊक होतं, होत नव्हता.

केंद्रात शोकसभा झाली. जनादादा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. संचालकांनी सुरेख भाषण केलं. मॅडमच्या ‘सडेतोड विनोदबुद्धी’चा उल्लेख केला, हार घातलेल्या फोटोकडे पाहत रुमाल काढला. मग म्हणाले, “मोजमापात त्यांच्याकडून एक चूक राहून गेली, हे आपण सगळे जाणतो. पण आज ती आपण मोठ्या मनाने विसरू या. मोठी माणसंच मोठ्या चुका करतात.”

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. म्हणाले, “ती चूक त्यांची नव्हती. नऊ दिवसांची मोजमापं मी गाळली. मुद्दाम. यंत्रात ती अजून आहेत, कुणालाही बघता येतील. कोळगावला टेबलाखालून वायरही मीच लावली होती, आणि ती लावा म्हणून कुणी सांगितलं ते सर स्वतः सांगतील.”

“आत्ता ही वेळ नाही,” संचालक म्हणाले. “आपण भावनेच्या भरात आहात. बसा.”

“सांगून झालं की बसते,” मी म्हणाले, आणि नऊच्या नऊ तारखा म्हणून दाखवल्या. मग बसले. संचालकांनी दोन मिनिटं मौन जाहीर केलं, आणि ते बहुधा मिनिटभरातच संपवलं.

त्याच आठवड्यात मी जर्नललाही पत्र लिहिलं. नोंद घेतली, असं एका ओळीचं उत्तर आलं. परिविक्षा संपल्यावर माझी नेमणूक कायम झाली नाही. आता पालघरच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला शिकवते. वाईट चाललेलं नाही.

पण सभा संपल्यावर, लोक पांगत असताना, मी जनादादांकडे गेले होते. का, ते मला नेमकं सांगता येणार नाही. शाबासकीची अपेक्षा असावी. दुसरं काय असणार? ते दाराशी वाकून चपला शोधत होते. मी वाकून नमस्कार करायला लागले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

“आता बोललीस,” ते म्हणाले. “ती आयकाया हाय का?”

चपला सापडल्या. त्या पायात सारून ते रिक्षाकडे चालायला लागले.